डोंगरगावचा चिलखती मासा

भंडाऱ्याच्या बाजारात रोहूवर उलटी सुरी फिरवली की खवले उडून पडतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विदर्भात असा मासा होता की सुरीच बोथट झाली असती. त्याचे खवले हाडाचे, शंकरपाळ्यांच्या आकाराचे, वर काचेसारखा चकचकीत थर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या लामेटा नावाच्या खडकाच्या थरांतल्या या माशाला जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये ‘लेपिडोस्टियस इंडिकस’ असे नाव दिले. तो गार कुळातला. आज या कुळाच्या ७ जाती उरल्यात, त्याही उत्तर व मध्य अमेरिका आणि क्युबात. रोहूशी नाते फार लांबचे.

त्याच थरांत ‘पिक्नोडस लामेटे’ हा मासाही निघाला, आणि त्याचा गट मुख्यतः समुद्रातला! मग समुद्राचे पाणी डोंगरगावपर्यंत येत होते का?