दमा मुलाला, जागरण आईला

समजा, सोनाळ्यातील एक घर. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यातले हे गाव. दिवाळीनंतरचे दिवस आहेत. वेचलेला कापूस घरातच रचून ठेवलेला, चुलीत पऱ्हाट्यांचा धूर. रात्री तीनच्या सुमारास सात वर्षांचा मुलगा उठून बसतो. छाती घरघरते आहे. आई त्याच्या आधीच जागी आहे. खरे तर ती झोपलेलीच नाही, त्याचा श्वास ऐकत पडली आहे.

हीच वेळ का? आपल्या श्वासनलिकांचा व्यास दिवसभर सारखा राहत नाही. पहाटे चारच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. निरोगी माणसाला हा फरक जाणवत नाही. दम्यात मात्र नलिकांचे अस्तर आधीच सुजलेले असते, भोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट स्राव साठतो. वर्गात एक गणित जरूर करून दाखवावे. संथ प्रवाहाला नळीचा होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली, की विरोध १६ पट!

हे गणित आईला ठाऊक नसते, पण त्याचा परिणाम ती रोज रात्री ऐकते. आता या वेळी अकोल्याला न्यायचे तर गाडी कोणाची मिळेल, हाही विचार त्यात असतोच. महिनोन् महिने तुटक झोप, सतत कानोसा, आणि वर "तूच थंड खायला दिलेस" हे घरच्यांचे बोलणे. मन खचले नाही तरच नवल.

आम्ही संशोधकांनी या आईकडे बरेच उशिरा पाहिले. मुलांतील दमा व ॲलर्जी यांची जगव्यापी पाहणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ५६ देशांतील १३-१४ वर्षांची ४,६३,८०१ मुले होती आणि आपले अकोला हे त्यातले एक केंद्र होते. प्रश्न होते ते मुलांच्या लक्षणांचे. पालकांवरचा भार मोजण्यासाठी कॅनडातील एलिझाबेथ ज्युनिपर यांनी १३ प्रश्नांची प्रश्नावली केली, ती १९९६ मध्ये.

त्याआधी तर आईलाच आरोपी केले गेले होते. दम्याची घरघर म्हणजे आईसाठीचे दाबलेले रडणे, असे फ्रेंच व अलेक्झांडर या मनोविश्लेषकांनी १९४१ मध्ये मांडले. अमेरिकेत डॉ. पेश्किन यांनी मुलांना घरापासून दूर ठेवण्याला 'पॅरेन्टेक्टमी' असे नाव दिले, जणू आईबाप म्हणजे कापून काढायचे टॉन्सिल! दूर गेलेली काही मुले सुधारत, हे खरे. पण घराबरोबर घरातली धूळ आणि धूरही मागे राहत होता. आईच्या स्वभावाने दमा होतो, ही समजूत आज टिकलेली नाही.

उलट दिशेचा संबंध मात्र खरा आहे. अमेरिकेतील गरीब शहरी वस्त्यांत झालेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दमेकरी मुलांच्या जवळपास निम्म्या आयांत नैराश्याची ठळक लक्षणे आढळली आणि त्यांच्या मुलांना तातडीच्या उपचारासाठी अधिक वेळा न्यावे लागत होते. कारण समजण्यासारखे आहे. सूज कमी करणारे औषध रोज, बरे वाटत असतानाही, ओढायचे असते. त्याचा गुण लगेच दिसत नाही. खचलेल्या माणसाकडून नेमके असेच काम सुटते. मग झटका येतो, आणि भीती आणखी वाढते.

त्यात 'पंपाची सवय लागते' ही धास्ती. साल्बुटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर २ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या २० पट. गोळी रक्तातून सर्व शरीरभर फिरते, फवारा थेट नलिकेत जातो. तरी घरोघरी गोळी सौम्य मानली जाते! फवारा नीट आत जावा म्हणून लागणारी नळी महाग वाटली, तर ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिक बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून ते घट्ट बसवता येते. केपटाऊनमधील डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवले, की अशी बाटली विकतच्या नळीइतकेच काम देते. ती डॉक्टरांकडूनच करून व शिकून घ्यावी.

शिक्षकाला हे सारे कळते ते बहुधा गैरहजेरीच्या पटावरून. मुलाची चौकशी करताना "ताई, तुम्हाला झोप लागते का?" एवढे विचारून पाहावे. दोन आठवडे उदासी, रडू, भूक मंदावणे असे चालू असेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आहे. तिथवर जाणे जमत नसेल, तर १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी सेवा विनामूल्य आहे; तिथे मराठीत बोलता येते, रात्री तीन वाजताही.