अक्षरओळख आणि आरोग्य

अतिसारानें गळून गेलेलें मूल मांडीवर घेऊन माता बसली आहे. जवळच जलसंजीवनीची पुडी आहे. ही पुडी बाजारांत दोन मापांची मिळते : एक १ लिटर पाण्यासाठीं, दुसरी २०० मिलिलिटर पाण्यासाठीं. आपल्या हातांतली कोणती, हें वेष्टनावर छापलेलें असतें. पण जिला वाचतां येत नाहीं, तिनें तें ओळखावें कसें? मोठी पुडी पेलाभर पाण्यांत कालवली तर द्रावण अति खारट होऊन मुलाला अपाय होतो. लहान पुडी लिटरभर पाण्यांत घातली तर तिचा गुण उरत नाहीं. घरांत औषध आहे, मातेच्या ठिकाणीं माया आहे. उणीव आहे ती दोन ओळी वाचण्याची.

निरक्षरतेचा विचार बहुधा शाळा आणि नोकरी यांच्या संबंधानें केला जातो. वस्तुतः तिचा घाव शरीरावरही पडतो. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत सात वर्षें व त्यावरील वयाच्या लोकांपैकीं सुमारें ८२ टक्के साक्षर आढळले. स्त्रियांत हें प्रमाण सुमारें ७६ टक्के होतें. म्हणजे दर चार स्त्रियांमागें जवळजवळ एक निरक्षर. आणि आजाऱ्याची शुश्रूषा, मुलांचें औषधपाणी हें काम तर बहुधा स्त्रीकडेच असतें.

क्षयरोगाचें उदाहरण घ्यावें. औषध सुरू झाल्यावर कांहीं आठवड्यांतच खोकला व ताप ओसरूं लागतो. परंतु साध्या क्षयाचा उपचारही सामान्यतः ६ महिने चालवावा लागतो. मध्येंच औषध सोडल्यास उरलेले जंतु पुन्हां बळावतात, आणि कधीं कधीं त्याच औषधांना दाद देईनासे होतात. ही चूक सुशिक्षितांकडूनही होते. पण शंका आली असतां त्यांना कागद पाहतां येतो. निरक्षराला मात्र दवाखान्याच्या घाईगर्दींत ऐकलेल्या शब्दांवर, अथवा दुसऱ्याच्या वाचनावर विसंबावें लागतें. ज्या दुखण्याचा उच्चार करण्याचाही संकोच वाटतो, त्याची चिठ्ठी शेजाऱ्याकडून किंवा शाळकरी मुलाकडून वाचवून घेणें कित्येक स्त्रियांना नकोसें होतें. तें दुखणें मग अंगावर काढलें जातें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे. अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील जामखेड येथें डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गांवोगांवच्या ज्या स्त्रियांना त्यांनीं आरोग्यसेविका म्हणून तयार केलें, त्यांपैकीं कित्येकींनीं शाळेचें तोंडही पाहिलें नव्हतें. तरी गरोदर स्त्रियांची देखभाल, सुरक्षित बाळंतपण, मुलांचीं वजनें, जुलाबावर मीठ-साखरेचें पाणी हीं सारीं कामें त्या उत्तम रीतीनें शिकल्या, आणि त्या गांवांतील बालमृत्यु पुष्कळ घटले. उणीव बुद्धीची नव्हती; ज्ञान पोहोंचण्याच्या वाटेची होती.

म्हणून उपायही दुहेरी हवा. पहिला वैद्यांच्या व औषधविक्रेत्यांच्या हातीं आहे. “समजलें ना?” असें विचारलें कीं संकोचानें “होय” हेंच उत्तर येतें. त्याऐवजीं “घरीं गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, तें सांगा पाहूं” असें विचारावें. चूक तेथल्या तेथें कळते व सुधारतां येते. औषधांच्या वेष्टनावरील मजकूर बहुधा इंग्रजींत असतो. तेथें केवळ मराठी वाचणाराही निरक्षरच ठरतो. पाकिटावर सकाळच्या गोळीसाठीं सूर्य आणि रात्रींच्या गोळीसाठीं चंद्र काढून देण्यास क्षणभरही लागत नाहीं.

दुसरा उपाय प्रौढशिक्षणाचा. १५ वर्षें व त्यावरील वयाच्या निरक्षरांसाठीं केंद्र सरकारनें २०२२ ते २०२७ या मुदतीचा नवभारत साक्षरता कार्यक्रम मंजूर केला. त्यांत अक्षरओळखीबरोबर आरोग्य व बालसंगोपन यांच्या ज्ञानालाही स्थान दिलें आहे. तें योग्यच होय. प्रौढांच्या पहिल्या धड्यांत ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या जोडीला मुलाच्या लसीची तारीख, गोळ्यांची संख्या आणि औषधाची मुदत संपण्याचा महिना हेही यावेत. ज्या दिवशीं ती माता वेष्टनावरील ‘१ लिटर’ हीं अक्षरें स्वतः वाचून पाणी मोजून घेईल, त्या दिवशीं तिचें शिक्षण तिच्या मुलाच्या अंगीं लागलें, असें म्हणतां येईल.