अंगावर काढलेलं रक्त

‘अंगावर काढणं’ हा वाक्प्रचार मराठीत आहे सगळ्यांसाठी, पण वापरात तो बायकांच्याच वाट्याला अधिक आलेला. ताप अंगावर काढायचा, कंबरदुखी अंगावर काढायची आणि पाळीत ‘अंगावरून फार जातं’ तेही अंगावरच काढायचं. वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात बाईला विचारा, पाळी किती दिवस असते? ‘आठ-दहा दिवस जाते जी, पन आमच्या घरी साऱ्याईचंच तसं हाये,’ असं उत्तर सहज येईल. सांगणाऱ्या बाईच्या लेखी या उत्तराच्या उत्तरार्धाने काळजी मिटते. जाणत्या डॉक्टरची काळजी मात्र तिथूनच सुरू व्हायला हवी. आईला, मावशीला, बहिणीला, सगळ्यांनाच जास्त जातं, म्हणजे ती घराची रीत असेल. किंवा घराण्यातून उतरत आलेला रक्तस्रावाचा आजार असेल.

हा प्रश्न सेवाग्राममध्ये विचारण्याला वेगळा अर्थ आहे. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत असतानाच कस्तुरबा गेल्या. डॉ. सुशीला नायर त्याच कैदेत होत्या. सुटकेनंतर त्यांनी सेवाग्रामात बायका आणि मुलं यांच्यासाठी १५ खाटांचा दवाखाना सुरू केला आणि त्याला कस्तुरबांचं नाव मिळालं. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी उभी राहिली. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. खेड्यात उभं राहिलेलं हे देशातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. इथे दाखल झालेला विद्यार्थी पहिले काही दिवस आश्रमात राहतो, खादी घालतो. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. डॉ. उल्हास जाजू यांनी इथेच गावांसाठी ज्वारीचा विमा रुजवला. सुगीला प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि वर्षभर रुग्णालयाचा आधार मिळवायचा. आजारपण एकट्या घराने अंगावर काढू नये, एवढाच त्यामागचा साधा विचार.

हिमोफिलिया हा असाच घराला एकटं पाडणारा आजार आहे. रक्त साकळायला प्रथिनांची एक साखळी लागते. त्यातला आठवा घटक कमी असला तर हिमोफिलिया ‘ए’, नववा कमी असला तर ‘बी’. साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला ‘ए’ असतो. ‘बी’ त्याहून बराच विरळा. दोन्ही घटकांची जनुकं एक्स गुणसूत्रावर बसलेली. मुलग्याजवळ एक्स एकच, तो बिघडला की आजार ठरलेला: रांगायला लागताच निळे डाग, पुढे गुडघ्यात, कोपरात रक्त साचून सांधे सुजणं. मुलीजवळ दोन एक्स. एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो, असं पाठ्यपुस्तकांनी वर्षानुवर्षं शिकवलं. मुलग्याला आजार, आई ‘वाहक’.

या ‘वाहक’ शब्दानेच घोटाळा केला आहे. विदर्भात तर दुप्पट. इथल्या आशाताईंना, शिक्षकांना, लग्नाळू मुलामुलींना वाहक हा शब्द सिकलसेलमुळे माहीत झाला. सिकलसेलचा वाहक बहुतेक वेळा धडधाकट असतो. त्याने जोडीदार निवडताना तपासणी करावी, एवढीच सूचना असते. तोच अर्थ हिमोफिलियाला लावला की बाईला सांगितलं जातं, तुला काही नाही, फक्त मुलांना जप. पण वाहक आपल्याकडे एसटीतही असतो. तिकीट फाडणारा तो माणूस गाडीबाहेर उभा नसतो; खड्डे त्यालाही बसतात.

शास्त्रात याचं कारण १९६१ मध्ये मेरी लायन यांनी मांडलं. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र गर्भावस्थेतच मिटून जातं. कोणतं मिटेल हे नशिबावर. बिघडलेलं जास्त पेशींत मिटलं तर बाई ठणठणीत. चांगलं जास्त मिटलं तर तिचाच घटक तळाला जातो. म्हणून वाहक स्त्रियांची पातळी सरासरीने निम्म्याच्या आसपास असली तरी एकीची पाच टक्के, दुसरीची शंभराच्या वर, असं होऊ शकतं. २०२१ मध्ये या विकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ-संघटनेने नावंच बदलली. पातळी ४० टक्क्यांच्या खाली असेल तर त्या बाईला वाहक म्हणायचं नाही, हिमोफिलियाची रुग्ण म्हणायचं. त्याहून वर असून रक्तस्राव होत असेल तर ‘लक्षणं असलेली वाहक’. १७ एप्रिलला पाळल्या जाणाऱ्या जागतिक हिमोफिलिया दिनाचा विषयही २०२५ साली स्त्रिया आणि मुली हाच होता.

बाईला हिमोफिलिया होण्याची आणखी एक वाट आपल्या नात्यांतूनच जाते. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे. समजा, मामाला हिमोफिलिया आहे आणि त्याच्या बहिणीच्या मुलालाही. बापाचं एकुलतं एक्स प्रत्येक मुलीला मिळतंच, त्यामुळे मामाची मुलगी नक्की वाहक. तिचं लग्न त्या आतेभावाशी लावलं, की होणाऱ्या मुलींपैकी निम्म्यांना दोन्हीकडून बिघडलेलं एक्स मिळण्याचा संभव. अशा मुलीला आजार मुलग्याइतकाच होतो, आणि वर पाळीही येते.

याच घरचा दुसरा पाहुणा म्हणजे व्हॉन विलेब्रांडचा आजार. तो मुलामुलींत भेद करत नाही, पण पाळी आणि बाळंतपण यांमुळे भोगावं बायकांना जास्त लागतं. फिनलंडच्या ओलंड बेटांवरच्या एका लहान मुलीवरून एरिक व्हॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये तो प्रथम लिहून काढला. ती मुलगी पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत रक्त थांबेना म्हणून गेली. शास्त्राच्या पुस्तकात आजार शिरला तो एका मुलीच्या पायवाटेने. तरी रक्तस्रावाचे आजार पुरुषांचे, ही समजूत टिकली ती टिकलीच.

मग ओळखायचं कसं? पहिलं अवजार म्हणजे प्रश्न, आणि तो नीट विचारणं ही कलाच आहे. पाळी सात दिवसांपुढे जाते का? रात्री कापड बदलायला उठावं लागतं का? नाण्याएवढ्या गाठी पडतात का? दात काढल्यावर रक्त दुसऱ्या दिवशीही येत होतं का? बाळंतपणानंतर रक्त चढवावं लागलं का? रक्तक्षयाच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊनही हिमोग्लोबिन का चढत नाही? दिवसाला किती पॅड, हा शहरी प्रश्न इथे पुरत नाही. सेवाग्रामच्या समाजवैद्यक विभागाने आंजी भागातल्या २३ गावांत किशोरींबरोबर काम करून २००७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. काम सुरू होण्यापूर्वी अवघ्या ५ टक्के मुली तयार पॅड वापरत होत्या. नंतर २५ टक्के. पाळी येण्याआधी तिची माहिती असलेल्या मुली ३५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेल्या. हे काम स्वच्छतेचं होतं, पण त्यातून उघडलेलं दार मोठं आहे. ज्या मुलीला पाळीबद्दल बोलायला शब्द मिळाले, तीच पुढे ‘मला जास्त जातं’ असंही म्हणू शकते.

दुसरं अवजार प्रयोगशाळेत. रक्त काढून निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. त्यातलं सायट्रेट ते गोठू देत नाही. नळी फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा करतात, ३७ अंशांवर त्यात साखळी चालू करणारी रसायनं आणि शेवटी कॅल्शियम घालतात, आणि घड्याळ सुरू होतं. निरोगी प्लाझ्मा साधारण अर्ध्या मिनिटात धरतो. उशीर लागला तर मिश्रणाची चाचणी: रुग्णाचा प्लाझ्मा अर्धा, निरोगी माणसाचा अर्धा. विरजणासारखंच, थोडं चांगलं मिसळल्यावर सगळं लागलं, तर घटकाची उणीव होती. मिसळूनही लागलं नाही, तर रक्तात घटकाला मारणारं काहीतरी आहे. स्वस्त, हुशार चाचणी. पण बायकांच्या बाबतीत ती दगा देते. घटक तीस-चाळीस टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय घड्याळ उशीर दाखवत नाही. म्हणून घरात हिमोफिलियाचा मुलगा असेल तर ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून आईला परत पाठवता येत नाही. तिचा घटक मोजावाच लागतो. तोही चांगला निघाला तरी ती वाहक आहे की नाही, हे जनुकच सांगतं.

त्या जनुकाची गाठ उकलायला सेवाग्राम एक्स्प्रेसने मुंबई गाठावी लागू शकते. परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था अनेक वर्षं हे काम करते. गर्भावस्थेत तपासणी हवी असेल तर कायदा आड येत नाही: १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याने लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी, नोंदणीकृत केंद्रात, अशा तपासणीला जागा ठेवली आहे. घटकाच्या इंजेक्शनसाठी वाट थोडी जवळची. राज्य सरकारने हिमोफिलियासाठी डे-केअर केंद्रं सुरू केली, त्यांत विदर्भातलं अमरावतीचं. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या हिमोफिलिया फेडरेशनची शाखा नागपूरला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हिमोफिलियाही आहे. पण या सगळ्या दारांवर बाई बहुधा पोहोचते ती मुलाला कडेवर घेऊन. त्याची फाइल उघडते, तिची नाही.

खरं तर तिच्यासाठीचे बरेच उपाय साधे आहेत. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी तयार झालेली गाठ टिकवून धरते. जपानच्या उताको ओकामोतो यांनी पतीबरोबर ती १९६२ मध्ये शोधली, बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायकांचा विचार मनात ठेवून. २१ देशांतल्या २०,००० हून अधिक बाळंतिणींवरचा या औषधाचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला, तेव्हा ओकामोतोंना जाऊन वर्ष झालं होतं. पाळीसाठी गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनची तांबी, सोबत लोह. आठवा घटक वाढवणारं डेस्मोप्रेसिन. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक वर्ज्य. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘पिशवी काढून टाका’ या सल्ल्याआधी रक्ताची तपासणी. ज्या बाईचं रक्त गोठत नाही तिच्यावर तयारीशिवाय शस्त्रक्रिया म्हणजे विहिरीतून निघून आडात पडणं.

खरी कसोटी बाळंतपणाची. गरोदरपणात आठवा घटक आपोआप चढतो. नववा तसा चढत नाही. त्यामुळे ‘ए’ ची वाहक बाई कळांच्या वेळी सुरक्षित दिसते, बाळंतपण सुखरूप होतं, दोन-तीन दिवसांत सुट्टी मिळते. मग पातळी उतरते. ही बाई तोवर माहेरी, सव्वा महिन्याच्या खोलीत, शेक-शेगडीजवळ असते. रक्त जाणं लांबलं तर घरातल्या जाणत्या बायका म्हणतात, बाळंतिणीला जातंच. धोका नेमका तेव्हा, दवाखान्याच्या नजरेआड. म्हणून ठरवून ठेवावं लागतं: शेवटच्या तिमाहीत घटक मोजणं, मुलगा असू शकतो हे धरून चिमटा आणि व्हॅक्यूम टाळणं, जन्मताच नाळेतलं रक्त तपासणं, ते कळेपर्यंत बाळाला स्नायूत इंजेक्शन न देणं, आणि सुट्टीनंतर सव्वा महिना संपेपर्यंत घरी कोणी जाऊन विचारणं.

हे शेवटचं काम यंत्र करत नाही. ते गाव ओळखणारी नर्स करते, आशा करते, दत्तक गावाच्या ओट्यावर बसलेला विद्यार्थी करू शकतो. वंशावळ काढताना मुलग्याला चौकोन, मुलीला वर्तुळ, आणि वाहक स्त्रीच्या वर्तुळात मधोमध एक टिंब देतात. त्या टिंबाशेजारी तिची स्वतःची पातळी, एक साधा आकडा, लिहायला पाचेक सेकंद लागतात. तोच आकडा तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर उतरला, तर सव्वा महिन्याच्या खोलीत ‘बाळंतिणीला जातंच’ म्हणणाऱ्या आजीलाही तो दाखवता येतो.