पिशवी घेतली का?

आजोबा मंडईत निघाले की आजी हटकून विचारते, "पिशवी घेतली का?"

२६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईची गटारे तुंबली, त्याला प्लॅस्टिकच्या पिशव्याही कारण होत्या. २०१८ मध्ये महाराष्ट्राने त्यांवर बंदी घातली. आपल्या न्यू जर्सीतही ४ मे २०२२ पासून दुकानात त्या मिळत नाहीत.

पण आम्ही पिशवी घरी विसरतो आणि नवी विकत घेतो. दिसायला कापडासारखी, पण तीही बहुधा प्लॅस्टिकचीच! कपाटात अशांचा ढीग साचला, तर कचरा कमी कसा होणार?

म्हणून आता आम्ही दोन पिशव्या घडी करून गाडीतच ठेवतो. आईबाबांनो, गाडीतून उतरताना मुलांनी आजीसारखे विचारले, तर रागावू नका हं!