टॅग नेमका कुठे गळतो?

लेखमाला : नेटवर्कची नाडी – लेखांक ७

फायरवॉलवर व्हीलॅन केलं, स्विचवर केलं, दोघांमध्ये केबल लावली, दोन्ही टोकांचे हिरवे दिवे लागले. तरी कॅमेरे काही नेटवर्कवर येत नाहीत. फायरवॉल बघणारा म्हणतो, माझ्याकडे सगळं बरोबर आहे. स्विच बघणाराही तेच म्हणतो. गंमत म्हणजे बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. बिघाड दोघांपैकी कुणा एकाच्या स्क्रीनवर दिसत नाही, कारण तो दोघांच्या समजुतीतल्या फरकात असतो. आजच्या लेखात तो फरक शोधायचा आहे.

गेल्या लेखात आपण एका पतसंस्थेच्या कार्यालयाचा काल्पनिक आराखडा कागदावर मांडला होता. काउंटर आणि हिशेबाचे संगणक व्हीलॅन १० मध्ये, कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर २० मध्ये, पाहुण्यांचं वायफाय ३० मध्ये. तिन्हींचा गेटवे फायरवॉलवर, अनुक्रमे १९२.१६८.१०.१, १९२.१६८.२०.१ आणि १९२.१६८.३०.१. फायरवॉलचा एकच पोर्ट स्विचच्या २४ नंबरच्या पोर्टला जोडलेला आणि तिन्ही व्हीलॅन त्याच केबलवरून जाणारी. कॅमेरा ५ नंबरच्या पोर्टवर. हाच आराखडा आज पुढे चालवू.

टॅगमध्ये काय असतं

एका केबलवरून तीन नेटवर्क नेता येतात ती ८०२.१क्यू या मानकामुळे. आयट्रिपलईनं ते १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं. इथरनेटच्या फ्रेममध्ये पाठवणाऱ्याच्या मॅक अ‍ॅड्रेसनंतर चार बाइट्सचा टॅग घुसवायचा, एवढीच त्याची युक्ती. त्यातल्या पहिल्या दोन बाइट्स ‘इथे टॅग आहे’ एवढंच सांगतात. उरलेल्या सोळा बिटांपैकी बारा बिट व्हीलॅनच्या क्रमांकाला मिळतात. बारा बिटांत ४०९६ आकडे बसतात. ० आणि ४०९५ राखीव, म्हणून आपल्या हाती १ ते ४०९४ उरतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, टॅगमध्ये नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. फायरवॉलवर ‘कॅमेरा’ आणि स्विचवर ‘सीसीटीव्ही’ असं लिहिलंत तरी काही बिघडत नाही. पण एकीकडे २० आणि दुसरीकडे २०० झालं की सगळं थांबतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कोणत्या व्हीलॅनला टॅग लावायचा आणि कोणत्याला नाही, हे केबलची दोन टोकं ८०२.१क्यूमध्ये एकमेकांना विचारत नाहीत. प्रत्येक टोक आपल्याला सांगितलं तसं वागतं. दिवा फक्त केबल आणि वेग जुळल्याचं सांगतो, टॅग जुळल्याचं नाही.

शब्द वेगळे, प्रश्न दोनच

इथे कंपन्यांच्या भाषेमुळे गोंधळ वाढतो. सिस्कोच्या स्विचवर अनेक व्हीलॅन नेणाऱ्या पोर्टला ट्रंक म्हणतात. एचपी प्रोकर्व्हच्या परंपरेतल्या स्विचवर ट्रंक म्हणजे अनेक केबली एकत्र बांधून केलेली एक जोडणी. तिथे व्हीलॅनच्या बाबतीत टॅग्ड आणि अनटॅग्ड हेच शब्द चालतात. टीपी-लिंक किंवा नेटगिअरच्या स्वस्त स्मार्ट स्विचवर सदस्यत्वाचं पान वेगळं आणि पीव्हीआयडीचं पान वेगळं.

शब्द बाजूला ठेवा आणि प्रत्येक पोर्टला दोनच प्रश्न विचारा. बाहेर जाणाऱ्या फ्रेमवर टॅग राहणार का? आणि टॅग नसलेली फ्रेम आत आली, तर ती कोणत्या व्हीलॅनमध्ये टाकणार?

स्मार्ट स्विचवर या दोन प्रश्नांची उत्तरं दोन वेगळ्या पानांवर असतात, पहिल्याचं सदस्यत्वाच्या आणि दुसऱ्याचं पीव्हीआयडीच्या, म्हणून तिथली चूक फार फसवी असते. ५ नंबरच्या पोर्टला २० चा अनटॅग्ड सदस्य केलं, पण पीव्हीआयडी १ च राहिला असं समजा. फायरवॉलनं २० वर पाठवलेलं ब्रॉडकास्ट कॅमेऱ्यापर्यंत व्यवस्थित पोचतं. कॅमेऱ्याचं उत्तर मात्र टॅगविना आत येतं आणि थेट व्हीलॅन १ मध्ये जाऊन पडतं. वाट एकाच बाजूनं चालू. सदस्यत्वाचं पान कितीही वेळा तपासलं तरी तिथे चूक सापडणार नाही, कारण ती दुसऱ्या पानावर आहे.

पिंगच्या आधी एआरपी

बिघाड दिसला की आपला हात आधी पिंगकडे जातो. पिंग लागला तर उत्तमच. नाही लागला तर मात्र त्यातून फारसं कळत नाही, कारण पिंग न लागायला टॅगपासून फायरवॉलच्या नियमांपर्यंत कुठलंही कारण पुरतं. आधी हे दोन ढीग वेगळे करायला हवेत.

कॅमेऱ्याची केबल काढून त्याच पोर्टला लॅपटॉप लावा. डीएचसीपीवर विसंबू नका; हातानं १९२.१६८.२०.५० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्या. मग १९२.१६८.२०.१ ला पिंग मारा आणि उत्तराची वाट न पाहता लॅपटॉपचा एआरपी तक्ता उघडा. गेटवेच्या पत्त्यासमोर मॅक अ‍ॅड्रेस आला आहे का, आणि तो फायरवॉलच्याच पोर्टचा आहे का, एवढं पाहा.

आला असेल, तर लॅपटॉपचा प्रश्न फायरवॉलपर्यंत गेला आणि उत्तर परत आलं. दोन्ही दिशांनी टॅग बरोबर लागतो आहे आणि बरोबर उतरतो आहे. आता स्विचला हात लावू नका. बिघाड टॅगच्या वर, बहुधा फायरवॉलच्या नियमांत आहे. मॅक आला नसेल तर नियम उघडूही नका. बिघाड खाली, टॅगच्या पातळीवर आहे. या एका चाचणीनं शोधाचं क्षेत्र निम्मं होतं.

वरच्या निम्म्यात नेहमी सापडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पीएफसेन्सवर मूळ लॅनला ‘सगळं जाऊ दे’ असा नियम आपोआप मिळतो. नंतर जोडलेल्या व्हीलॅनच्या इंटरफेसला एकही नियम मिळत नाही आणि नियम नाही म्हणजे सगळं बंद. मात्र त्या इंटरफेसवर डीएचसीपी सर्व्हर चालू केला की त्यापुरती वाट पीएफसेन्स स्वतः मोकळी करतो. म्हणून ‘योग्य मालिकेतला पत्ता मिळतो, पण पुढे काहीच चालत नाही’ ही तक्रार ऐकली की टॅगचा संशय सोडून द्यावा. फोर्टिगेटवर नव्या इंटरफेसला पिंगची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती नसेल तर सगळं जाळं धडधाकट असूनही गेटवे पिंगला गप्प राहतो. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात किंवा इंटरनेटवर जायला पॉलिसी लागते ती वेगळीच.

आणखी एक हमखास चकवा. व्हीलॅन १० मधून २० मधल्या विंडोज संगणकाला पिंग लागत नाही आणि सगळे फायरवॉलवर तुटून पडतात. दोषी बहुधा त्या संगणकातलीच विंडोज फायरवॉल असते. दुसऱ्या सबनेटमधून आलेला पिंग ती सहसा अडवते. चाचणीसाठी प्रिंटर किंवा कॅमेरा बरा.

स्विचच्या तक्त्यात फायरवॉल शोधा

एआरपीत मॅक आला नाही, तर पुढचा साक्षीदार म्हणजे स्विचचा मॅक अ‍ॅड्रेस तक्ता. कोणता मॅक, कोणत्या पोर्टवर, कोणत्या व्हीलॅनमध्ये दिसला याची ती नोंद असते. सेटिंगचं पान आपल्याला काय हवं होतं ते सांगतं. हा तक्ता प्रत्यक्षात काय घडलं ते सांगतो.

आधी फायरवॉलला बोलतं करा: तिच्या व्हीलॅन २० च्या इंटरफेसवरून लॅपटॉपच्या पत्त्यावर पिंग पाठवा. गप्प बसलेल्या यंत्राची नोंद काही वेळानं पुसली जाते. सिस्कोच्या स्विचवर मूळ मुदत ३०० सेकंदांची असते. मग तक्ता बघा.

फायरवॉलचा मॅक २४ नंबरच्या पोर्टवर व्हीलॅन २० मध्ये दिसला, तर फायरवॉलची बाजू चोख आहे. लॅपटॉपच्या पोर्टकडे वळा. फायरवॉलचा मॅक फक्त व्हीलॅन १ मध्ये दिसला, तर फ्रेम टॅगविना येते आहे: व्हीलॅनऐवजी मूळ फिजिकल इंटरफेसलाच पत्ता दिला गेला असेल. कुठेच दिसला नाही, तर दोन शक्यता. व्हीलॅनचा इंटरफेस फायरवॉलच्या भलत्याच पोर्टवर बांधला गेला आहे किंवा स्विच त्या टॅगची फ्रेम दारातच टाकून देतो आहे. एकच मॅक १०, २० आणि ३० अशा तिन्ही व्हीलॅनमध्ये दिसला तर दचकू नका. एका पोर्टवरची व्हीलॅन बहुधा त्या पोर्टचाच मॅक वापरतात.

अजून शंका उरली तर फायरवॉलच्या मूळ इंटरफेसवर पॅकेट कॅप्चर लावा आणि टॅगही दिसेल असा पर्याय निवडा. टीसीपीडंपमध्ये त्यासाठी ‘वजा ई’ हा पर्याय आहे. हे काम विंडोज लॅपटॉपवर वायरशार्क लावून करू नये. तिथे नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बऱ्याचदा टॅग आधीच काढून टाकतो आणि टॅग असूनही नसल्यासारखा दिसतो.

नेहमीचे गुन्हेगार

सिस्कोच्या स्विचवर सर्वांत आधी व्हीलॅन मुळात तयार केलं आहे का ते पाहा. ट्रंकवर २० ला परवानगी दिली, पण स्विचच्या यादीत २० जन्मालाच घातलं नाही, तर वाहतूक होत नाही आणि कुणी तक्रारही करत नाही. ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ या आज्ञेत एकाखाली एक याद्या येतात: परवानगी असलेली व्हीलॅन, परवानगी असून सक्रिय असलेली, आणि स्पॅनिंग ट्रीनं खरोखर पुढे जाऊ दिलेली. लोक पहिली यादी वाचून समाधान मानतात. खरी बातमी शेवटच्या दोन याद्यांत असते.

दुसरा गुन्हेगार एका शब्दाचा. चालू ट्रंकवर ३० वाढवायचं आहे म्हणून परवानगीची आज्ञा ‘अ‍ॅड’ न लिहिता दिली, की जुनी यादी पुसली जाते आणि फक्त ३० उरतं. पाहुण्यांचं वायफाय सुरू होतं, काउंटर बंद पडतो.

तिसरा, ट्रंक करायचा की नाही हे पोर्टवर सोडून देणं. सिस्कोचे स्विच आपापसात डीटीपी या खासगी प्रोटोकॉलनं ते ठरवू शकतात. दुसऱ्या कंपनीच्या फायरवॉलला ती भाषा येत नाही. मग वाट पाहणारा पोर्ट साधा अ‍ॅक्सेस पोर्टच राहतो. फायरवॉलकडच्या पोर्टवर ट्रंक हातानंच लिहावा.

चौथा म्हणजे नेटिव्ह व्हीलॅन, अर्थात ट्रंकवरून टॅगविना जाणारं व्हीलॅन. स्विचनं २० ला नेटिव्ह केलं आणि फायरवॉल २० टॅगसह मागत असेल, तर कॅमेऱ्याची फ्रेम फायरवॉलच्या मूळ इंटरफेसवर जाऊन पडते. तिथे वेगळा डीएचसीपी सर्व्हर चालू असेल, तर कॅमेऱ्याला पत्ता मिळतो, पण भलत्याच मालिकेतला. पत्ता चुकीच्या मालिकेतला असणं आणि पत्ताच न मिळून यंत्रानं १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता स्वतः घेणं, ही दोन वेगळ्या आजारांची लक्षणं आहेत. पहिल्यात फ्रेम चुकीच्या दारी पोचते आहे. दुसऱ्यात डीएचसीपीची हाक किंवा तिचं उत्तर वाटेत हरवतं आहे.

पाचवा मधल्या वाटेवर लपलेला असतो. २४ नंबरचा पोर्ट आणि फायरवॉल यांच्यामध्ये टेबलाखाली एखादा छोटा स्विच निघतो. तो टॅग तसाच पुढे पाठवेल, याचा भरवसा नाही. वाटेतल्या प्रत्येक स्विचवर, प्रत्येक जोडणीच्या दोन्ही टोकांना, २० सांगितलेलं असायला हवं. वायफायच्या अ‍ॅक्सेस पॉइंटचंही तेच: ३० त्याच्या पोर्टवर टॅग्ड हवं आणि त्याचं स्वतःचं व्यवस्थापनाचं व्हीलॅन बहुधा अनटॅग्ड.

सहावा साधा, पण वेळखाऊ: इंटरफेसला पत्ता देताना मास्क /३२ च राहून जातो. मग फायरवॉलच्या लेखी त्या नेटवर्कमध्ये ती एकटीच असते.

सातवा उशिरा उमगतो. स्विच राउटिंगही करणारा असेल आणि त्याच्याही व्हीलॅनना पत्ते दिले असतील, तर जाणारा प्रवास फायरवॉलमधून आणि येणारा परस्पर स्विचमधून होऊ शकतो. पिंग लागतो, वेबपान मात्र अडकतं, कारण अर्धाच संवाद ऐकणारी फायरवॉल टीसीपीची जोडणी मध्येच तोडते. प्रत्येक व्हीलॅनचं राउटिंग कोण करणार, हे एकदाच ठरवा.

दुरुस्ती करताना

ट्रंकवर बदल करताना आपण स्वतः कोणत्या व्हीलॅनमधून स्विचवर आलो आहोत ते आधी पाहा. त्याच केबलवरून आलो असू, तर एका चुकीच्या ओळीनं आपलीच वाट बंद होते. सिस्कोवर ‘रीलोड इन १०’ देऊन ठेवावं आणि बदल सेव्ह न करता तपासावेत: वाट बंद झाली तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या सेटिंगवर परत येतो. सगळं ठीक चाललं तर रीलोड रद्द करायला आणि मग सेव्ह करायला विसरू नका. इतर स्विचवर असा बदल समोर बसूनच केलेला बरा.

आणि नोंद यंत्रावार ठेवू नका, केबलवार ठेवा. एका ओळीत एक केबल: डाव्या टोकाचं यंत्र आणि पोर्ट, उजव्या टोकाचं यंत्र आणि पोर्ट, कोणती व्हीलॅन टॅग्ड, कोणतं अनटॅग्ड, पीव्हीआयडी किती. डावी-उजवी बाजू शेजारी आली की फरक वाचतानाच दिसतो. दोन वेगळ्या स्क्रीनवर तो कधीच दिसला नसता.

पुढच्या आठवड्यात वरच्या निम्म्याकडे जाऊ. टॅग जुळले, सगळ्यांना पत्ते मिळाले. आता काउंटरवरच्या व्यवस्थापकाला रेकॉर्डर दिसावा, पण पाहुण्याच्या मोबाइलला दिसू नये, यासाठी फायरवॉलवर किमान किती नियम लागतात आणि ते कोणत्या क्रमानं लिहायचे ते पाहू. तोवर आपल्या कार्यालयातल्या केबलींचा तक्ता करून ठेवा. नियम लिहिताना तोच समोर घ्यायचा आहे.