वेष्टन ठेवावें कीं टाकावें?

संग्रहाची आवड मनुष्याच्या स्वभावांतच आहे. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं, कोणी काड्यापेट्यांवरील चित्रें, कोणी पहिल्या आवृत्तीचीं पुस्तकें. तर कोणी लहानपणीं न मिळालेलीं खेळणीं मोठेपणीं पदरचे पैसे खर्चून घरीं आणतो. या सर्व संग्राहकांच्या घरांत एक वाद मात्र ठरलेला असतो. वस्तु कपाटांत विराजमान होते. परंतु ती ज्या पेटींतून, पाकिटांतून वा कागदांतून आली, त्याचें काय करावयाचें? संग्राहक म्हणतो, “तेंहि जपून ठेवा.” गृहिणी म्हणते, “माळ्यावर आतां उंदरांनाहि जागा उरलेली नाहीं.” दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणूनच या प्रश्नाचा थोडा शांतपणें विचार करावा असें आम्हांस वाटतें.

जुन्या पाठशाळांतून एका नैयायिकाची गोष्ट सांगत असत. तूप घेऊन घरीं जातांना त्याच्या मनांत शंका आली कीं, तुपाला पात्राचा आधार कीं पात्राला तुपाचा? निर्णय व्हावा म्हणून त्यानें पात्र उपडें केलें, आणि तूप धुळीस मिळालें. या गोष्टीला आपण हंसतों. परंतु पात्राचें महत्त्व तें उपडें झाल्यावरच ध्यानांत येतें, हा तिच्यांतील बोध विसरतों. वेष्टनाचेंहि तसेंच आहे.

वेष्टनाचीं कामें तीन. पहिलें रक्षणाचें: धूळ, ओल व धक्का यांपासून वस्तूचा बचाव करणें. दुसरें साक्षीचें: वस्तु कोठची, केव्हांची, कोणाकडून कोणाकडे गेली, हें सांगणें. तिसरें पूर्णतेचें: कांहीं वस्तु वेष्टनासह घडविलेल्या असतात व त्यावांचून त्या अपुऱ्या ठरतात. रक्षणाचें काम दुसरी चांगली पेटीहि करूं शकेल. परंतु साक्ष देणारा साक्षीदार एकदां हरवला म्हणजे त्याच्या जागीं दुसरा उभा करतां येत नाहीं. आमच्या मतें या प्रश्नाची सारी मेख येथेंच आहे.

याचें उत्तम उदाहरण तिकीटसंग्रहाचें. मॉरिशस बेटांत १८४७ सालीं एक पेनी व दोन पेन्स किंमतीचीं तिकिटें प्रत्येकीं ५०० छापण्यांत आलीं. त्यांपैकीं आज फारच थोडीं शिल्लक आहेत. हीं दोन्ही तिकिटें एकाच पत्रावर चिकटलेलीं आहेत असें एकच पत्र उपलब्ध असून तें फ्रान्समधील बोर्दो येथील मद्यव्यापाऱ्यांस पाठविलेलें होतें. १९९३ सालीं झुरिक येथील लिलांवांत त्याला साडेसत्तावन्न लाख स्विस फ्रँक आले. दुसरें एक पत्र तर आपल्या मुंबईच्या पत्त्यावर आलेलें आहे. तेथील बायबल सोसायटीच्या चिटणीसास लिहिलेल्या त्या पत्रावर एक पेनीचीं दोन तिकिटें आहेत. १९६८ सालीं त्याला ३ लक्ष ८० हजार डॉलर मिळाले. हीं तिकिटें कोणी हौशी मुलानें पाण्यांत भिजवून सुटीं केलीं असतीं, तर मॉरिशसचें टपाल मुंबईस व बोर्दोस जात होतें याचा हा जिवंत पुरावा त्या पाण्याबरोबरच वाहून गेला असता.

याच्या उलट ब्रिटिश गियानाच्या १८५६ सालच्या एक सेंटच्या तिकिटाची हकीकत पहा. तें एकच उरलें असून त्याचा शोध १८७३ सालीं एका बारा वर्षांच्या शाळकरी मुलास लागला व त्यानें तें सहा शिलिंगांस विकलें. २०१४ सालीं न्यूयॉर्क येथें त्याला सुमारें ९५ लक्ष डॉलर आले. वेष्टन गेल्यानें त्याची किंमत बुडाली असें कोणी म्हणणार नाहीं. पण ज्या कागदावर तें चिकटलेलें होतें तो कागद त्याच्यासोबत नाहीं. टपालाचा शिक्का तारीख सांगतो. परंतु तें टपाल कोणीं कोणास धाडलें याविषयीं तिकीट मौन धरून बसलें आहे. जगांतील एक अत्यंत मौल्यवान कागद, आणि त्याला स्वतःचा पत्ता नाहीं!

ही गोष्ट केवळ तिकिटांपुरती नाहीं. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील मोडी कागद रुमालांत बांधून ठेवण्याची पद्धति सर्वश्रुत आहे. वरवर पाहतां रुमाल म्हणजे कापडाचा चौकोनी तुकडा. पण कोणता कागद कोणत्या कागदाच्या सांगातीं होता, हें तो रुमालच सांगतो. निनांवी, बिनतारखेच्या चिठ्ठीचा काळ पुष्कळदां तिच्या शेजारच्या चिठ्ठीवरूनच ठरतो. रुमाल सोडून कागद मिसळले कीं इतिहाससंशोधकाचा एक डोळा गेलाच म्हणून समजावें. नाण्यांचेंहि तसेंच. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाचीं तेरा हजारांवर चांदीचीं नाणीं सांपडलीं व त्यांतील पुष्कळांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हा मारलेला आढळला. एकच नाणें कोणाच्या हातीं आलें असतें तर तें एक कुतूहल ठरलें असतें. सर्व नाणीं एकाच ठेवींत मिळालीं म्हणून एका राजानें दुसऱ्यावर मिळविलेल्या विजयाचा तो ठसठशीत पुरावा झाला.

कांहीं वस्तूंच्या बाबतींत वेष्टन हें वस्तूचें अंगच असतें. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा याप्रमाणें एकशें वीस गोल पानें, आणि तीं ठेवण्याची चितारलेली लांकडी पेटी. पेटी टाकून पानें ठेवणारा संग्राहक लौकरच एकशें एकोणीस पानांचा धनी होतो! पुस्तकांच्या कागदी वेष्टनांचा इतिहासहि मनोरंजक आहे. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत २००९ सालीं १८२९ मधील एका वार्षिकाचें वेष्टन उजेडांत आलें. इतकें जुनें वेष्टन तोंपर्यंत कोणास ठाऊक नव्हतें. आणि तें सांपडलें तेव्हां आपल्या पुस्तकापासून तें दुरावलेलें होतें. १९२५ सालीं निघालेल्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या अमेरिकन कादंबरीची पहिली आवृत्ति निळ्या वेष्टनासह मिळाली तर तिला वेष्टनहीन प्रतीच्या अनेक पटींनीं किंमत येते. कारण उघड आहे: पुस्तकें लोकांनीं ठेवलीं, वेष्टनें फाडून फेकलीं.

येथपर्यंत वाचून संग्राहक वाचक खूष झाले असतील. आतां दुसरी बाजू ऐकावी.

१९७७ सालीं अमेरिकेंत ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट अतिशय गाजला. त्यांतील पात्रांचीं खेळणीं करणाऱ्या केनर कंपनीचा माल नाताळापर्यंत तयार होईना. तेव्हां कंपनीनें खेळण्याविनाच पुठ्ठ्याचें पाकीट विकलें. आंत एक प्रमाणपत्र होतें, आणि तें टपालानें पाठविलें म्हणजे पुढील वर्षीं खेळणीं घरपोंच मिळावयाचीं. आज तीं रिकामीं पाकिटेंहि संग्राह्य झालीं आहेत. नैयायिकाचा प्रश्न येथें उलटा सुटला. तूप नाहीं, आणि पात्राची मात्र पूजा! खेळण्याच्या पेटीचें सील मोडलें कीं किंमत घटते, म्हणून खेळणें कधींच उघडावयाचें नाहीं, असेंहि एक व्रत अलीकडे निघालें आहे. व्यापारी दृष्ट्या तें बरोबर असेल. परंतु ज्या बाहुलीला कोणा मुलीनें कधीं कडेवर घेतलें नाहीं तिला खेळणें म्हणावें कीं गहाणखत, असा प्रश्न आम्हांस पडतो. नातवासाठीं आणलेली आगगाडी त्याच्या डोळ्यांदेखत कांचेच्या कपाटांत बंद करणें यांत संग्रह कमी आणि कार्पण्य अधिक आहे. वस्तु उपयोगाची असेल तर ती वापरावी. पेटी अलगद उघडून, न फाडतां, निराळी ठेवावी. असें केल्यानें खेळहि होतो व साक्षहि राहते.

शिवाय वेष्टन हें नेहमीं वस्तूचें मित्रच असतें असें नाहीं. हलक्या पुठ्ठ्यांत व वर्तमानपत्राच्या कागदांत कालांतरानें अम्लता वाढते. त्यांत गुंडाळलेलीं चित्रें व पत्रें पिवळीं पडून ठिसूळ होतात. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांपैकीं पीव्हीसी जातीच्या पिशव्यांतून तेलकट द्रव्य झिरपतें आणि तांब्याच्या नाण्यांवर हिरवट चिकट थर चढतो. रबरी पट्ट्यांतील गंधकामुळें चांदी काळवंडते. कांहीं लांकडांतून निघणाऱ्या अम्लाच्या वाफेनें शिशाचीं जुनीं खेळणीं पांढरी भुकटी होऊन झडतात. चिकटपट्टीनें फाटकें जोडावें तर वर्षांनीं तेथें तपकिरी डाग उरतो. त्यांत आपल्या कोंकणचा पावसाळा म्हणजे कसर व वाळवी यांचा सुगीचा हंगामच! तेव्हां वेष्टन ठेवावें याचा अर्थ वस्तु त्या वेष्टनांतच कोंडून ठेवावी असा नव्हे. वस्तु अम्लरहित कागदांत अथवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत ठेवावी, आणि मूळ वेष्टन तिच्याजवळ पण निराळें ठेवावें. पेटी मोठी असल्यास शिवणींवर सोडवून सपाट करतां येते. दोहोंस एकच क्रमांक द्यावा. तो वेष्टनावर न लिहितां सोबतच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनें लिहावा.

मग टाकावें काय? ज्यावर नांव, तारीख, शिक्का, किंमत, हस्ताक्षर, चित्र यांपैकीं कांहींच नाहीं असा भुसा, फेंस, साधा पुठ्ठा व दोऱ्या खुशाल टाकाव्या. वेष्टन कांहीं बोलतें काय, एवढें पहावें. बोलत असेल तर ठेवावें. मुकें असेल तर त्याचा मोह धरूं नये. ही कसोटी लावली म्हणजे गृहिणींच्या माळ्यावरील निम्मी अडगळ तरी सहज दूर होईल.

परंतु या प्रश्नाची खरी निकड श्रीमंतांच्या लिलांवांत नसून आपल्या घरांतील जुन्या ट्रंकांत आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील चुलत आजोबा पहिल्या महायुद्धांत लष्करी कचेरींत कारकून म्हणून समुद्रापार गेले व परत आले नाहींत. त्यांचीं पत्रें मात्र घरीं होतीं. पत्रांत ठावठिकाणा लिहिण्यास लष्कराची बंदी. त्यामुळें मजकुरांत प्रकृति, पाऊस, धाकट्या भावाच्या मुंजीची चौकशी एवढेंच. ते कोठें होते हें कळण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे पाकिटावरील फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांकाचा शिक्का. घरांतील एका मुलाला तिकिटांचा नाद लागला. वडील मंडळींनीं कौतुकानें त्याच्या हातीं कात्री दिली आणि त्यानें पाकिटांचे कोपरे चौकोनी कापून तिकिटें चिकटवहींत लावलीं. निम्मा शिक्का तिकिटावर राहिला, निम्मा पाकिटाबरोबर रद्दींत गेला. आज त्या घरची तिसरी पिढी आजोबांनीं देह कोठें ठेवला याचा शोध करीत आहे. हातांत पत्रें आहेत, तिकिटें आहेत. क्रमांक तेवढा नाहीं.

१८७९ सालीं आपल्या देशांत पाव आण्याचें पोस्टकार्ड सुरू झालें. त्यांत मजकूर, पत्ता, तिकीट व शिक्का हीं सर्व एकाच कागदावर असल्यामुळें आपल्या कितीएक पूर्वजांचीं कार्डें सर्व साक्षीपुराव्यांसह टिकून राहिलीं. पाकिटाला हें भाग्य नाहीं. त्याचा सांभाळ आपणच करावयाचा आहे. म्हणून आमची वाचकांस विनंति एवढीच कीं, जुनी ट्रंक उघडाल तेव्हां कात्री बाजूस ठेवा. पत्र ज्या पाकिटांतून निघेल त्याच पाकिटासह तें ठेवा, आणि तें कोणाचें हें सांगणारें वडील माणूस घरांत असेल तर आजच त्याच्याजवळ बसून चार ओळी लिहून घ्या.