दयाळ की चिरक?

पक्षीनिरीक्षणाच्या वहीत मुलं लिहून आणतात, 'काळा-पांढरा पक्षी, शेपटी वर.' वर्णन चुकीचं नाही, पण ते दोघांना लागू पडतं : दयाळ आणि चिरक. दोघेही किडे टिपणारे, दोघेही शेपटी उचलणारे, दोघेही घराच्या आसपास वावरणारे.

दयाळ साधारण २० सेंटिमीटरचा, चिरक जरा लहान. पण एकटा पक्षी समोर असताना मापाचा काही उपयोग होत नाही. रंगच बघावे लागतात. दयाळाच्या नराचं डोकं, पाठ आणि छाती निळसर चमक असलेली काळीकुळकुळीत, पोट मात्र स्वच्छ पांढरं. पंखावर लांब पांढरा पट्टा असतो आणि तो बसलेला असतानाही दिसतो. शेपटीच्या कडाही पांढऱ्या. चिरकाच्या नराचं पोटही काळंच. त्याचं पांढरं फक्त खांद्याशी, पंख मिटले की बरंचसं झाकलं जाणारं. उडाला की ते चमकतं. पाठीवर फार भरवसा ठेवू नका, कारण उत्तर भारतातल्या चिरकाची पाठ तपकिरी असते, दक्षिणेकडच्याची काळी.

खरी खूण शेपटीखाली आहे. चिरकाच्या शेपटीच्या बुडाशी, खालच्या बाजूला, विटकरी रंग असतो. शेपटी तो इतकी उभी धरतो की हा रंग आपोआप दिसतो. दयाळाचा तोच भाग पांढरा. म्हणून मुलांना आधी एवढंच विचारावं, "शेपटीखाली कुठला रंग होता?"

माद्यांच्या बाबतीत हाच प्रश्न जास्त कामी येतो. तक्त्यांवर बहुतेक वेळा नराचंच चित्र असतं, आणि मग मादी दिसली की मुलं 'वेगळाच पक्षी' म्हणून मोकळी होतात! दयाळाची मादी नर जिथे काळा तिथे राखाडी असते, पण पंखावरचा पांढरा पट्टा तिलाही असतो. चिरकाची मादी मातकट तपकिरी, पंखावर पांढरं अजिबात नाही. विटकरी बूड मात्र आहेच.

कधी कधी गप्पीदासाचा नरही यांच्यात घुसतो. तोही काळा-पांढरा, पण चिमणीएवढा. कुंपणाच्या तारेवर ताठ बसतो, शेपटी अशी उभी धरत नाही.

आवाजावरून ओळखायला गेलात तर जपून. उन्हाळ्यात पहाटे उंच टोकावर बसून लांबलचक गाणारा बहुधा दयाळच, पण तो इतर पक्ष्यांच्या नकलाही करतो.

नाव नेमकं लिहायचं ते याच्यासाठी की दोघांची जागा वेगळी आहे. दयाळाला झाडं, सावली, पालापाचोळा लागतो. चिरक मोकळ्या, दगड-झुडपांच्या जमिनीवर टुणटुण फिरतो. घरटं दोघांचंही पोकळीत. दयाळ झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीतल्या भोकात, चिरक दगडी बांधाच्या, जुन्या भिंतीच्या फटीत. शाळेच्या जुन्या दगडी कुंपणाला सिमेंट लावायचं ठरलं, तर आधी वह्या उघडून बघा. तिथे 'चिरक, चोचीत गवत' अशी नोंद असेल, तर गिलावा पिल्लं उडून जाईपर्यंत थांबू शकतो, आणि दोन-चार फटी तशाच ठेवता येतात.